मूठभर जागा

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या शेजारी भिंतीवर एक चौकोन आहे. रंग सगळीकडे एकच लावलाय, पण नीट पाहिलं तर कळतं, की तेवढ्या चौकोनातलं प्लॅस्टर बाकीच्या भिंतीपेक्षा नवं आहे. पाहुण्यांपैकी ज्यांची नजर चौकस असते ते विचारतात, "इथे काय होतं, खिडकी?" मी सांगते, इथे कुंदाताईंच्या टीव्हीची पाठ होती. मग चहा गार होईपर्यंत मला बोलावं लागतं. त्याला टीव्ही म्हटलेलं कुंदाताईंना मुळीच खपलं नसतं, हेही सांगावं लागतं.

कुंदा परुळेकर आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायच्या. एव्हरशाईन सिटीत आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा इतर शेजारी काही ना काही घेऊन आले. कोणी शिरा आणला, कोणी दूधवाल्याचा नंबर दिला. कुंदाताई हात हलवत आल्या. मी दार उघडलं तर नमस्कार नाही, चमत्कार नाही, म्हणाल्या, "बेल फार वर लावलीय तुम्ही. खांदा दुखणारं माणूस बाहेर दार ठोकत बसेल." मी काही बोलायच्या आत त्यांनी अंबाड्यात खोचलेली पेन्सिल काढली, दाराच्या बाजूला भिंतीवर एक बारीक रेघ मारली, "इथे घ्या," म्हणाल्या आणि पेन्सिल परत अंबाड्यात खोचून निघून गेल्या.

मी शाळेत शिकवते. दुसऱ्यांच्या वह्यांवर खुणा करायची मला सवय आहे, माझ्या भिंतीवर कोणी खूण केलेली चालत नाही. मी बरेच दिवस त्यांच्याशी बोलले नाही. मग एका दुपारी माझी आई आली. तिचा हात खांद्याच्या वर जात नाही. आत मिक्सर चालू होता, तिने दार ठोकलेलं मला ऐकू आलं नाही, आणि ती जिन्यात पिशवीवर बसून राहिली. संध्याकाळी सुहास घरी आला तेव्हा मी त्याला सांगितलं, आधी त्या रेघेवर बेल लाव, मग चहा मिळेल. बेल अजून तिथेच आहे. दुसऱ्या दिवशी कुंदाताईंनी येता-जाता ती पाहिली आणि एकदा वाजवून बघितली.

ठेंगणा बांधा, सुती साडी, पायात कापडी बूट आणि अंबाड्यात पेन्सिल. कोणाच्याही घरी गेले की लोक सोफा बघतात, पडदे बघतात. कुंदाताई स्विचबोर्ड बघायच्या. "दारामागे बोर्ड? हे कोणी काढलं?" असं विचारायच्या. त्यांच्या मते जगातली प्रत्येक वस्तू आधी कोणीतरी कागदावर काढलेली असते, आणि काढताना तो माणूस जागा होता की झोपला होता, हे वस्तूला हात लावल्याबरोबर कळतं. गॅसची खुंटी, नळाची चावी, जिन्याचा कठडा, सगळ्यांवर त्यांचा शेरा तयार असे. आमच्या इमारतीला नवीन लिफ्ट बसली तेव्हा धोक्याची घंटा तळमजल्याच्या बटणाला चिकटून होती. पहिले काही दिवस दर थोड्या वेळाने वॉचमन जिने चढत धावायचा. कमिटीने 'मुलांना समज द्यावी' अशी सूचना लावली. कुंदाताईंनी कंपनीचा माणूस बोलावून घेतला आणि त्याला लिफ्टमध्ये उभं करून सांगितलं, "डोळे मिटा आणि खाली जायचं बटण दाबा." त्याने घंटा वाजवली. आठवड्यात घंटा वर गेली.

"हात आधी जातो, डोकं मागून येतं," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. हे त्यांना पुस्तकातून मिळालं नव्हतं. वालीवच्या एका कारखान्यात त्यांनी नोकरीचा सगळा काळ काढला. तिथे मोठमोठ्या यंत्रांना चालू-बंद करणारी बटणांची आणि दिव्यांची लोखंडी कपाटं बनत. त्यांना पॅनल म्हणतात. त्या पॅनलची ड्रॉइंग कुंदाताई काढायच्या. लागल्या तेव्हा ड्रॉइंग ऑफिसात त्या एकट्या बाई होत्या, आणि सुरुवातीला त्यांना लोक चहा सांगायचे. पुढे त्याच लोकांची ड्रॉइंग त्या दुरुस्त करून द्यायला लागल्या. "वापीपासून चाकणपर्यंत माझ्या बटणांवर लोकांची बोटं आहेत," असं त्या सरळ सांगायच्या. विनय हा गुण देवाकडून त्यांना द्यायचा राहून गेला होता, आणि त्याची उणीव त्यांना कधी भासली नाही. मला आधी हे खटकायचं. नंतर वाटायला लागलं, की चांगलं काम करून मान खाली घालणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्यात, मान वर ठेवणारी एखादी असू दे.

त्यांच्या तोंडी सतत एक नाव असायचं ते नवऱ्याचं, तेही आडनाव. त्यांना त्या 'हे' म्हणत नसत, 'अहो' म्हणत नसत. 'परुळेकर' म्हणत. "परुळेकर, आमटीचं मीठ बघा." परुळेकर चमचाभर आमटी चाखून म्हणायचे, "पास." ते त्यांना 'ड्रॉइंग' म्हणायचे. संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीतून ऐकू यायचं, "ड्रॉइंग, चहा टाकू का?" सुहास एकदा मला म्हणाला, त्या हिशोबाने मी तुला 'सहामाही परीक्षा' म्हणायला हवं.

याचं कारण त्याच कारखान्यात होतं. परुळेकर तिथे क्वालिटीत होते. कुंदाताई काढणार, खाली शॉपमध्ये पॅनल तयार होणार, आणि ते बाहेर पडायच्या आधी परुळेकर तपासणार. त्यांची तपासायची एक तऱ्हा होती. मोजपट्टी, मीटर सगळं लावून झालं की शेवटी ते पॅनलचं दार उघडायचे आणि बटणांच्या मागे, जिथून वायरी निघतात तिथे, स्वतःची मूठ घालायचे. मूठ आत जाऊन मोकळी फिरली तर माल पास. अडकली तर रिजेक्ट, मग साहेब येवो नाहीतर साहेबाचा साहेब. "वायरीला वळायला जागा नको का?" एवढंच म्हणायचे. कोंडलेली वायर तापते, कधीतरी तुटते, आणि भोगतो तो यंत्रावर उभा असलेला माणूस. शॉपमध्ये सगळे 'परुळेकरांची मूठ' म्हणत आणि जरा घाबरून असत. कुंदाताई मला ती मूठ करून दाखवायच्या, अंगठा बाहेर ठेवून.

"लग्नाच्या आठवड्यात त्यांनी माझं पॅनल रिजेक्ट केलं," त्या एकदा म्हणाल्या. "पत्रिका वाटून झाल्या होत्या."

"मग?"

"मग काय, बदलून दिलं. होणारी बायको म्हणून सोडलं असतं तर मीच लग्न मोडलं असतं."

काढणारा आणि तपासणारा एकच माणूस नसावा, हा त्यांच्या कारखान्याचा नियम, आणि तो त्यांनी घरी आणला होता. त्यांनी केलेली प्रत्येक गोष्ट परुळेकरांच्या हाताखालून जायची. त्या त्यावर भांडायच्या, चिडायच्या, पण त्यांच्या 'पास'शिवाय त्यांचं पुढचं पाऊल पडत नसे.

दोघं निवृत्त झाली आणि काही काळाने एका सकाळी परुळेकरांच्या हातातून कप पडला. अर्धांगाचा झटका होता. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. हॉस्पिटलमधून ते घरी आले ते चाकाच्या खुर्चीत बसून. ज्या उजव्या हाताला सगळा कारखाना घाबरायचा तो मांडीवर नुसता पडून असायचा. तोंडातून फक्त 'अं' असा आवाज निघायचा, तोही कधी सुखाचा, कधी रागाचा, कळायला मार्ग नाही. त्यांना समजतं किती, हे आत्ता सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

त्यांचा मुलगा निखिल बंगळुरूला असतो. तो वाईट नव्हता हे आधीच सांगते, कारण अशा गोष्टींत मुलाला वाईट ठरवायची आपल्याला खोड असते. तो म्हणाला, "तुम्ही दोघंही माझ्याकडे या. घर तळमजल्याला आहे, व्यायाम करून घेणारी बाई जवळच राहते. आई, तू एकटी किती उचलणार?" त्याचं काहीच चुकत नव्हतं. कुंदाताई म्हणाल्या, "परुळेकरांना विचारते."

"आई, बाबांना कळत असतं तर प्रश्नच नव्हता."

"कळतं."

"कशावरून?"

 नंतर कुंदाताई माझ्याकडे येऊन बसल्या तेव्हा म्हणाल्या, "ज्या माणसाने जन्मभर लोकांना हो-नाही सांगितलं, त्याला न विचारता पोतं उचलल्यासारखं उचलून नेऊ? ते हो म्हणाले तर मी उद्या बॅग भरते. नाही म्हणाले तर इथेच. पण विचारल्याशिवाय नाही." निखिलने वाट बघायचं कबूल केलं, दिवाळीपर्यंत.

आता बोलता न येणाऱ्या माणसाला विचारायचं कसं? निखिलनेच एक टॅबलेट पाठवला होता. त्यावर पाण्याचा पेला, पंखा, जेवणाचं ताट अशी चित्रं होती. बोट लावलं की आवाज यायचा. पण तो परुळेकरांच्या मांडीवरून घसरायचा, आणि थरथरणारं डावं बोट एका चित्राला लागलं की चार आवाज यायचे. दोन-चार वेळा प्रयत्न करून त्यांनी तोंड फिरवलं. निखिल म्हणाला, बघ. कुंदाताई म्हणाल्या, "दोष परुळेकरांचा नाही, काढणाऱ्याचा आहे. हलणाऱ्या वस्तूवर माणूस भरवसा ठेवत नाही. बटण भिंतीत हवं."

त्या रिक्षा करून वालीवला गेल्या आणि जुन्या कारखान्यातून एक टचस्क्रीन घेऊन आल्या. कुठल्याशा यंत्रावरून उतरवलेला, जाडजूड, लोखंडी कडांचा मॉनिटर होता तो. त्याचा गुण असा, की बोट नुसतं टेकलं तर तो ढिम्म हलायचा नाही; नीट दाबलं तरच ऐकायचा. थरथरणाऱ्या हाताला हाच बरा. तिथल्या एका इंजिनिअर मुलीने त्यात प्रोग्रॅम भरून दिला, पण बटणं कुंदाताईंनी स्वतः काढली. पंखा, दिवा, चहा, बाथरूम, दुखतंय. आणि खाली दोन मोठी: हिरवं 'हो', तांबडं 'नाही'. "हिरवं-तांबडं त्यांना शिकवायला नको," त्या म्हणाल्या. "जन्म गेलाय त्यात."

जागा ठरली ती त्यांच्या हॉलमधली, परुळेकरांची खुर्ची जिथे असायची तिथली भिंत. तिच्या पलीकडे माझं स्वयंपाकघर. पण कुंदाताई एकदम भिंतीला हात लावणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांच्या पद्धतीप्रमाणे आधी पुठ्ठा लागला. मॉनिटरच्या मापाचं आणि जाडीचं खोकं त्यांनी भिंतीवर चिकटपट्टीने लावलं आणि घरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने ते खुर्चीत बसून दाबायचं असा हुकूम सुटला. हात न धुता दाबायचं. पुठ्ठा जिथे मळेल तिथे बटण. मी वाटी परत करायला गेले तर मलाही बसवलं. परुळेकरांची देखभाल करणाऱ्या मावशींनी हळदीचे हात लावले होते, मी खडूचे लावले.

फक्त ज्यांच्यासाठी हे सगळं होतं ते परुळेकर पुठ्ठा दाबायला तयार नव्हते. खुर्ची जवळ नेली की ते डाव्या हाताने खोक्याची कड पकडायचे, उचकटायचे आणि हात मागे घुसवायचे. चिकटपट्टी सुटायची, खोकं खाली. कुंदाताई पुन्हा लावायच्या, ते पुन्हा पाडायचे. "परुळेकर, दाबायचं आहे, पाडायचं नाही," असं त्या पहिल्यांदा हसून म्हणाल्या, मग समजावून, मग चिडून. मावशी म्हणाल्या, "साहेबांना आवडत नाय वाटतं." एका रविवारी निखिलने व्हिडिओ कॉलवर ते डोळ्यांनी पाहिलं.  मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "आई, त्यांना त्रास नको देऊस. त्यांना खरंच कळत नाहीये."

त्या दिवशी मी पहिल्यांदा कुंदाताईंच्या अंबाड्यात पेन्सिल पाहिली नाही. गवंड्याला पैसे देऊन झालेत म्हणून काम करून घेते, असं त्या म्हणाल्या. ज्या बाईने कधी एक खिळा उगाच ठोकला नाही, तिच्या तोंडून हे ऐकून मला वाईट वाटलं.

गवंडी म्हणजे जनूभाऊ. बाजूच्या गावातला, भात लावून उरलेल्या दिवसांत भिंती फोडणारा आणि बांधणारा. "बाय, चार इंचाची भितं हाय," तो म्हणाला. "पल्याड टीचरबायचं सयपाकघर. जास्त खनलं तं त्यांच्या फोडनीत वीट पडंल." कुंदाताईंनी त्याला किती खोल जायचं ते आखून दिलं होतं. मॉनिटरची जाडी त्यांनी तीन वेळा मोजली होती. सकाळभर माझ्या डब्यांची झाकणं थरथरत होती. मग आवाज थांबला. बराच वेळ काहीच ऐकू येईना. आणि माझी बेल वाजली.

दारात कुंदाताई होत्या. केसांपासून बुटांपर्यंत विटकरी धूळ, आणि त्या धुळीतून गालांवर दोन ओघळ. मला वाटलं परुळेकरांना काही झालं.

"अलका," त्या म्हणाल्या, "माझं ड्रॉइंग रिजेक्ट झालं."

मी त्यांना आत घेतलं, पाणी दिलं. त्या बसायला तयार नव्हत्या. मॉनिटर खोबणीत गेला, पण बसेना. पुढे बोटभर बाहेरच राहिला. काढून उलटा केला तर दिसलं, की त्याच्या पाठीतून प्लग सरळ बाहेर येतो आणि वायर तिथून वळते. त्या वळणाला मागे जागाच नव्हती. त्यांनी मॉनिटर मोजला होता, वायर मोजलीच नव्हती. "मी तशीच उभी राहिले. वळून बघते तर परुळेकर खुर्चीत डावी मूठ वर धरून बसलेले. अंगठा बाहेर. अलका, ते पुठ्ठा पाडत नव्हते. ते मूठ घालून बघत होते. रोज सांगत होते मला, मागे जागा नाही, मागे जागा नाही. आणि मी त्यांच्यावर ओरडत होते."

मग त्या एकदम हसायला लागल्या. "सारा जन्म मी ती जागा काढलीच नाही गं. पुढच्या बाजूचा मान मोठा, मागचं बघायला परुळेकर होते. मला ठाऊक असायचं ते पकडतील. आणि पकडलं त्यांनी. या अवस्थेत, डाव्या हाताने पकडलं."

 स्वतःची चूक सापडल्याचा एवढा अभिमान वाटलेला माणूस मी शाळेत कधी पाहिला नाही, स्टाफरूममध्ये तर नाहीच. माझाही ऊर भरून आला आणि मी ते लपवलं नाही.

"आता तुझ्याकडे काम आहे," त्या डोळे पुसून म्हणाल्या. "तुमच्या भिंतीतून मूठभर जागा हवीय."

ही भिंत भार घेत नाही, खांब कुठे आहेत, बीम कुठून जातो, हे त्यांनी मला दाखवलं. माझ्या बाजूला एक पत्र्याची पेटी बाहेर येईल, तिला जाळी असेल, आणि त्यावर काही टांगायचं नाही, एवढीच अट. मी हो म्हटलं. सुहासने रात्री विचारलं, भिंत देण्याआधी नवऱ्याला विचारायची पद्धत आहे का काही? मी म्हटलं, विचारलं असतं, पण तू पास केलं असतंस हे मला ठाऊक होतं.

कमिटीची परवानगी लागली. मीटिंगमध्ये चेअरमनसाहेब म्हणाले, आधी तुमच्याच बाजूला काम होतं, आता दोन घरांची भिंत, ही चूक कोणाची? कुंदाताई उभ्या राहिल्या. "चूक माझी. पकडली परुळेकरांनी. तसं मिनिट्समध्ये लिहून घ्या, दोन्ही नावांनिशी." आणि लिहून होईपर्यंत त्या बसल्या नाहीत. पुढचे कितीतरी दिवस हीच गोष्ट त्या वॉचमनला, भाजीवालीला, औषधाच्या दुकानातल्या माणसाला सांगत होत्या. सातिवलीत ज्याने पेटी बनवली त्यालाही सांगितली, आणि त्याने पेटी आणून दिल्यावर आत मूठ घालून ती फिरवून पाहिली.

अशी त्या पडद्याची पाठ माझ्या घरात आली. पडदा चालू झाला की पेटी कोमट व्हायची. परुळेकर नीट दाबून बटण मारायचे, त्याचा 'टक' असा आवाज माझ्या ओट्यापाशी यायचा. पहिल्या दिवशी त्यांनी पंखा इतक्या वेळा चालू-बंद केला, की मावशी पळून जायच्या बेतात होत्या. नंतर ते वेळी-अवेळी चहा मागायला लागले. कुंदाताई कुरकुरत करून द्यायच्या. मला सकाळी पोळ्या लाटताना तो 'टक' ऐकू आला की बरं वाटायचं. निखिलला मात्र अजून खात्री नव्हती. सवयीने दाबत असतील, असं तो म्हणायचा. विचारायचं ते समोर येऊन विचारू, असं ठरलं.

दिवाळीच्या तोंडावर तो आला. कुंदाताईंनी मला बोलावून घेतलं. काढणारा आणि तपासणारा यांच्याशिवाय तिसरा माणूस समोर हवा, असा नियम असल्याचं त्यांनी सांगितलं. तो नियम त्यांनी त्याच दिवशी केला असावा. त्या पाटावर बसल्यासारख्या ताठ बसल्या. कमरेला पट्टा होता, परुळेकरांना उचलून-बसवून पाठ गेली होती, पण त्याबद्दल त्या कधी बोलत नसत.

"परुळेकर," त्या म्हणाल्या, "निखिल आपल्याला बंगळुरूला बोलावतोय. कायमचं. जायचं का?"

परुळेकर पडद्याकडे बघत राहिले. मग बोट उचललं आणि हिरवं बटण दाबलं. हो.

 कुंदाताईंना हे उत्तर नको होतं, हे मला ठाऊक होतं, निखिललाही ठाऊक होतं. त्या उठल्या, पडद्यावर काहीतरी केलं आणि हिरवं आणि तांबडं एकमेकांच्या जागी नेलं. "जवळचं म्हणून दाबलं असेल तर? तपासायला हवं." आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. बोट आधी जुन्या जागेकडे गेलं, थांबलं, मग सरकत सरकत दुसऱ्या टोकाला जाऊन हिरव्यावर बसलं. टक. हो.

मग परुळेकरांनी तोच डावा हात पुढे केला आणि तो बायकोच्या कमरेच्या पट्ट्यावर ठेवला. निखिल बाल्कनीत निघून गेला. त्याचे खांदे हलताना मला काचेतून दिसत होते.

"तिकिटं काढ रे," कुंदाताईंनी आतूनच सांगितलं. "बाबांचं ठरलंय."

दुपारी त्या माझ्याकडे आल्या आणि त्या पेटीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "का, असं विचारायचं बटणच काढलं नाही मी," त्या म्हणाल्या.

"त्यांनी हात ठेवला की पट्ट्यावर."

"हं." मग म्हणाल्या, "मला इथेच राहायचं होतं गं. या वयात कुठे नव्या स्विचबोर्डांशी भांडत बसू? पण विचारलं मी त्यांना. आणि त्यांनी सांगितलं. सगळ्यांच्या देखत, दोनदा." मान वरच होती. पेन्सिल अंबाड्यात होती.

दोघं बंगळुरूला निघाली त्या सकाळी पडदा उतरवला, कारण तोही बरोबर जायचा होता. माझ्या बाजूची पेटी जनूभाऊने काढली. भिंतीला आरपार भोक पडलं, आणि इतकी वर्षं नुसत्या आवाजांनी ओळखलेलं शेजारघर मला माझ्या ओट्यापासून दिसलं. रिकामा हॉल, बांधलेली खोकी, दाराकडे तोंड करून ठेवलेली खुर्ची आणि तीत परुळेकर, स्वेटर घालून तयार. खाली गाडी वाजत होती. जनूभाऊने सिमेंट कालवलं. "टीचरबाय, सरा जरा, बुजवतो," तो म्हणाला.

"थांब रे," पलीकडून कुंदाताई म्हणाल्या.

भोकातून त्यांचा चेहरा दिसला, मग गेला. त्याच्या जागी बांगड्या भरलेला हात आला, आणि मूठ आली. अंगठा बाहेर. माझ्या स्वयंपाकघरात ती मूठ एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला सावकाश फिरली. कुठेही वीट लागली नाही. पलीकडे परुळेकरांच्या घशातून 'अं' असा आवाज आला.

"पास म्हणतायत," कुंदाताई म्हणाल्या.

मी ती मूठ दोन्ही हातांत धरली. जनूभाऊ सिमेंटची थापी घेऊन आमचं होईपर्यंत तसाच उभा राहिला.